घरी काम केल्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल कसं तपासायचं

इंजिन ऑइल तपासायला फार डोकं लागत नाही. गाडी बंद करायची, थोडं थांबायचं, पट्टी (डिपस्टिक) ओढून बघायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सपाशी नेमकी हीच सवय आडवी येते. इथे बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघावं लागतं, ऑइल किती तापलंय हे माहीत नसेल तर खुणेला काही अर्थ नसतो, आणि बऱ्याच नव्या गाड्यांत ओढायला पट्टीच नसते. पट्टी ओढायला पाच सेकंद लागतात. सगळी मेहनत आहे ती सपाट जागा शोधण्यात आणि तापमान गाठण्यात.

ज्यांनी घराच्या पार्किंगमध्ये स्वतः काम केलंय आणि आता ऑइल बरोबर आहे का, या शंकेत अडकलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील बदललं, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या टाकीचं) पॅकिंग किंवा फिल्टर बदलला, कूलरची होज बदलली, तर गिअरबॉक्समधलं थोडंफार ऑइल बाहेर आलेलं असतंच. रेडिएटर बदलणाऱ्यांच्या मात्र हे लक्षात येत नाही. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. म्हणजे कूलंटसोबत गिअर ऑइलही सांडलेलं असतं आणि ते कोणी मोजलेलं नसतं.

आधी गिअरबॉक्स कोणता ते बघा

क्लच पेडल नाही म्हणजे गिअरबॉक्स एकसारखा, असं नाही. आपल्याकडे स्वस्त गाड्यांत चालतो तो एएमटी. भारतात तो २०१४ साली सेलेरिओतून आला. तो आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. त्यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल, नसतं. मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं, आणि ज्यात हायड्रॉलिक यंत्रणा आहे त्यात तिच्या ऑइलची छोटी टाकी वेगळी. तुमची गाडी एएमटी असेल तर पुढचं बहुतेक तुमच्या कामाचं नाही. सपाट जागेबद्दलचं तेवढं वाचा.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात) पातळी बघायची सोयच नाही. सगळं ऑइल काढायचं आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच मोजून भरायचं. राहिले टॉर्क कन्व्हर्टरवाले (क्लचऐवजी ऑइलच्या जोरावर इंजिनाची ताकद पुढे देणारे) खरे ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी (गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारे). हा लेख त्यांचा.

ऑइलच्या बाबतीत एक गोष्ट ठाम सांगतो. दुकानात जाऊन "ऑटोमॅटिकचं ऑइल द्या" म्हणायचं नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस वेगळं, ह्युंदाई-कियाचं एसपी-४ वेगळं, होंडाचं डीडब्ल्यू-१ वेगळं, आणि सीव्हीटीचं तर कुळच वेगळं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली एकमेकांना घट्ट धरतात त्या ऑइलच्या गुणधर्मावर. त्यात साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. रंग बघून ओळखायचाही प्रयत्न करू नका. मॅन्युअलमध्ये जे नाव आहे तेच नाव डब्यावर हवं. "सगळ्यांना चालतं" असं छापलेल्या डब्यावर माझा विश्वास नाही.

सपाट जागा

आमच्या साताऱ्यात हा भाग खरोखर अवघड आहे. निम्मं गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, आणि किल्ल्याकडच्या पेठांत तर हँडब्रेक ओढूनही लोक चाकाला दगड लावतात. सोसायटीचं पार्किंग डोळ्यांना सपाट दिसतं, पण पाणी निघून जावं म्हणून गवंड्याने तिथेही ढाळ काढलेला असतो.

एवढ्याने काय होतं? हिशेब करून बघा. गिअरबॉक्सचं चेंबर ४० सेंटिमीटर लांब धरा. जमीन फक्त २ अंश कलली तरी चेंबरच्या एका टोकाला ऑइल दुसऱ्या टोकापेक्षा सुमारे १४ मिलिमीटर वर चढतं. पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बघा, म्हणजे १४ मिलिमीटर किती मोठे ते कळेल. आणि २ अंश म्हणजे अडीच मीटर व्हीलबेसच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांखालच्या जमिनीत जेमतेम ९ सेंटिमीटरचा फरक. रोज त्याच जागी गाडी लावणाऱ्याच्या नजरेत तो येणारही नाही.

मोजायला गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप सगळ्यात चांगला. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. सात-आठ मीटर घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढून टाका. एक टोक पुढच्या चाकापाशी, दुसरं मागच्या चाकापाशी धरा आणि दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. मग डाव्या-उजव्या बाजूचं तसंच. फरक एक-दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर पुढे चला. जास्त असेल तर खालच्या चाकांखाली रुंद, जाड फळ्या ठेवून गाडी त्यावर चढवा आणि पुन्हा मोजा. मोबाइलमधली लेव्हल ढोबळ अंदाजाला ठीक आहे, पण फोन टेकवायची जागाच वाकडी असते. बॉनेटवर तर मुळीच ठेवू नका.

गाडीखाली जाऊन पातळी बघायची असेल, तर सपाटी गाडी उचलल्यावरही टिकली पाहिजे. फक्त पुढची चाकं उचलून घेतलेली पातळी साफ चुकीची. चारही बाजूंना जॅक स्टँड लागतात. सपाट जमिनीवर असताना दारांखालच्या पत्र्याची कड पुढे आणि मागे किती उंच होती ते आधी लिहून ठेवा. उचलल्यावर तोच फरक कायम राहिला पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर विसराच. इंजिन चालू असलेल्या गाडीखाली हात घालायचाय, हे ध्यानात ठेवा. खरं सांगायचं तर, पट्टी नसलेल्या गाडीसाठी ओळखीच्या गॅरेजमधला लिफ्ट तासाभरासाठी पैसे देऊन घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी सगळं काम घरी केलंत तरी हा एक तास तिथे घालवा.

किती बाहेर आलं, ते आधी मोजा

ऑइल काढायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. हा क्रम चुकवू नका. गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं, बोल्ट वर्षानुवर्षं न उघडलेला, त्यामुळे तो कधीकधी हलतच नाही किंवा त्याचं डोकं गोल होतं. खालून सगळं ऑइल काढून झाल्यावर हे कळलं, तर गाडी जागची हलवता येत नाही आणि भरताही येत नाही.

बाहेर आलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात धरा आणि लिटरच्या खुणा असलेल्या कॅनमध्ये ओतून मोजा. साधारणपणे चेंबरच्या बोल्टमधून ३ ते ४ लिटर निघतं आणि बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत अडकून राहतं. त्यामुळे मॅन्युअलमधला "एकूण क्षमता" हा मोठा आकडा बघून तेवढं ओतू नका. नव्या माणसाकडून सगळ्यात जास्त वेळा होतं ते हेच. जेवढं मोजून बाहेर आलं तेवढंच आत घाला, सांडलेल्याचा अंदाज धरून थोडं जास्त. नेमकी पातळी नंतर लागेलच.

बोल्टचा वायसर नवा घाला. चुंबक असलेल्या बोल्टवर करडा, लोण्यासारखा मऊ थर असेल तर घाबरू नका. क्लचची आणि धातूची ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर प्रश्न पातळीचा राहिलेला नाही. बोल्ट आवळताना टॉर्क रेंच वापरा, जोर लावू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खर्च फार वाढतो.

पट्टी असलेली गाडी

पहिली तपासणी थंड असतानाची आणि ढोबळ. तिचा हेतू एवढाच की गाडी चालवण्याइतकं ऑइल आत आहे, याची खात्री व्हावी. दुसरी गरम असतानाची, ती खरी.

१. मोजून ऑइल भरा. पट्टीच्याच नळीतून भरायचं असेल तर लांब, बारीक नळीचं नरसाळं लागतं.

२. हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, एका माणसाला स्टिअरिंगवर बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि इंजिन सुरू करा. पंप फिरायला लागला की रिकामा झालेला टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलर भरतो आणि चेंबरमधली पातळी झटकन खाली जाते. त्यामुळे उरलेलं ऑइल हाताशी असू द्या. रेस करू नका.

३. ब्रेक दाबलेला ठेवूनच लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवा. प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा. याने आतल्या सगळ्या वाटांत ऑइल पोचतं. मग परत पी.

४. इंजिन चालूच ठेवा. पट्टी ओढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत ओढा. थंड अवस्थेची खूण असेल तर तिच्या आसपास ऑइल हवं.

५. आता गाडी चालवून ऑइल तापवा. १५-२० मिनिटं सरळ रस्त्यावर. हायवेने शेंद्र्यापर्यंत जाऊन यायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा नाही. घाटात ऑइल प्रमाणाबाहेर तापतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. घाटातूनच आला असाल तर अर्धा तास गाडी उभी ठेवा.

६. त्याच सपाट जागेवर लिव्हर पुन्हा एकदा सगळीकडून फिरवून पी मध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवून बघा. पातळी गरम खुणांच्या मध्ये हवी. बहुतेक गाड्यांत ही खूण ७०-८० अंश सेल्सिअसच्या ऑइलसाठी असते.

पट्टी पुसायला गॅरेजमधलं बनियन वेस्ट (बनियनच्या कापडाच्या चिंध्या) नको. त्याचे धागे पट्टीला चिकटून आत जातात आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकायला तेवढे पुरतात. धागे न सुटणारं कापड किंवा जाड टिश्यू पेपर घ्या. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. नळीच्या भिंतीला लागलेलं ऑइल एका बाजूला ओघळतं, म्हणून दोन्ही बाजूंपैकी कमी दिसणारी पातळी खरी धरा. नुकतंच ओतलं असेल तर दोन मिनिटं थांबा. कमी असेल तर १०० ते २०० मिलिलिटरच घाला आणि परत बघा. घालणं सोपं, जास्त झालेलं काढणं त्रासाचं. त्यासाठी बारीक नळी लावलेली मोठी सिरिंज लागते.

इंजिन चालू ठेवायचं, या नियमाला अपवाद आहेत. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांत पट्टी बघायची. म्हणून मॅन्युअलमधलं ते एक पान आधी वाचाच.

पट्टी नसलेली गाडी

यात चेंबरमध्ये एक उभी नळी असते किंवा बाजूला पातळीचा बोल्ट असतो. ठरलेल्या तापमानाला ऑइल नळीच्या तोंडापर्यंत आलं की बरोबर, जास्त असेल तर वाहून जातं. कल्पना साधी आहे, पण सगळं तापमानावर अवलंबून. ऑइल तापलं की फुगतं. ७ लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर साधारण पाव लिटर वाढतं. म्हणून कंपनी तापमानाची खिडकी ठरवून देते. काही गाड्यांत ती ३५ ते ४५ अंश असते, काहींत ५० ते ६०. तुमच्या गाडीची कोणती, हे दुसऱ्या गाडीवरून ठरवू नका.

तापमान कळणार कसं? ओबीडी स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे दाखवणाऱ्या यंत्राने. इथे नवे लोक एका जागी हमखास फसतात. स्वस्त ब्लूटूथ ओबीडी लावला की मोबाइलवर पहिला दिसतो तो कूलंटचा आकडा. गिअरबॉक्स त्याच्या बराच मागे असतो. कूलंट ८५ वर पोचलं तरी उभ्या गाडीत गिअर ऑइल अजून निम्म्यावर असू शकतं. तुमच्या कंपनीचे खास आकडे वाचणारं ॲप किंवा स्कॅनर हवा, ज्यात "ट्रान्समिशन फ्लुइड टेम्परेचर" वेगळं दिसतं. चेंबरवर धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पत्र्याचं तापमान सांगतो. काहीच नसण्यापेक्षा बरा, इतकंच.

इथे हवामानाचा फायदा घ्या. खिडकी ३५ ते ४५ ची असेल आणि तुम्ही एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली काम करत असाल, तर इंजिन सुरू करायच्या आधीच ऑइल ३५ च्या पुढे असतं. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. लिव्हर फिरवेपर्यंत खिडकी निघून जाते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सहा-सातला घ्या, म्हणजे सगळं शांतपणे करायला वेळ मिळतो. साताऱ्याच्या हिवाळ्यात उलट, ५० अंश गाठायला उभ्या गाडीत बराच वेळ जातो. घाई म्हणून रेस करू नका, ऑइलला फेस येतो.

गाडी चारही बाजूंनी सपाट उचललेली, इंजिन चालू, एसी आणि बाकीचा भार बंद. लिव्हर सगळीकडून फिरवून पी मध्ये. चाकं अधांतरी असतात, त्यामुळे डी टाकताच फिरू लागतात. स्टिअरिंगवरच्या माणसाने ब्रेकवरचा पाय मुळीच काढायचा नाही. तापमान खिडकीत शिरलं की पातळीचा बोल्ट उघडा.

धार आली तर ती बारीक होऊन थेंबांवर येईपर्यंत वाट बघा. थेंब एकामागून एक, सुटे पडू लागले की बोल्ट लावा. धार काही थांबतच नसेल, तर तापमान परत बघा. ते खिडकीच्या वर गेलं असेल तर ऑइल फुगून बाहेर पडतंय आणि तुम्ही गरजेपेक्षा जास्त काढताय. बोल्ट लावा, इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा सुरुवात करा. काहीच आलं नाही तर ऑइल कमी आहे. इंजिन चालू ठेवूनच भरायच्या जागेतून थोडं थोडं घाला, थेंब येईपर्यंत. उघडताना आलेले दोन-चार थेंब नळीत साचलेले असतात, त्यांना पातळी समजू नका.

काही गिअरबॉक्समध्ये पातळीचा बोल्ट आणि ऑइल काढायचा बोल्ट एकाच भोकात असतात. बाहेरचा लहान बोल्ट काढला की पातळी बघता येते, आतली नळी ॲलन कीने फिरवली की सगळं ऑइल खाली. चित्र बघूनच पाना लावा.

ऑइल काय सांगतं

पातळी बघताना चार थेंब पांढऱ्या कागदावर टाका. पारदर्शक लाल किंवा जरा तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि जळका वास येत असेल, तर क्लच जळलेत. पातळी बरोबर करून ते दुरुस्त होणार नाहीत. गुलाबी, दाट, गुलकंद लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. गाडी सुरूही करू नका, पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं. बारीक फेस असेल तर ऑइल जास्त तरी असतं किंवा कमी तरी. जास्त झालं की फिरणारे भाग त्याला घुसळतात, कमी झालं की पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. दोन्हींचा शेवट एकच. हवा मिसळलेलं ऑइल दाब धरत नाही, क्लच घसरतात आणि तापतात.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, ते शेवटी वेण्णा-कृष्णेतच जातं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

मग रस्त्यावर

रात्रभर गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग नसेल तर निघा. डी टाकल्यावर गाडी एक-दीड सेकंदात पकडते का, रिव्हर्सही तसाच लागतो का, ते बघा. त्यापेक्षा उशीर लागून मग झटका बसत असेल, तर ऑइल कमी असण्याची शक्यता मोठी.

पातळी थोडीच कमी असेल तर सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. ती उघडी पडते चढणीवर आणि वळणावर, जिथे ऑइल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. आपल्याकडे यासाठी यवतेश्वरचा घाट हाताशी आहे. चढणीच्या वळणावर क्षणभर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र ढिली पडली, तर परत फिरा आणि पातळी पुन्हा बघा. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तिकडे जाऊ नका, रांगेत रांगत चढताना ऑइल उगाच तापतं. कामाच्या वेळी बॅटरी काढली असेल, तर काही दिवस गिअर जरा खडबडीत पडतात. कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो, त्याचा पातळीशी संबंध नाही.

आणि वाटेत गाडीने पकडच सोडली तर दोरी बांधून ओढत आणू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे चेंबर भरलेलं असूनही फिरणाऱ्या भागांना ऑइल मिळत नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी पुढून उचलूनच न्यायची. चारचाकी ड्राइव्ह असेल तर सपाट ट्रकवर चढवूनच.